इथलं पाणी मानवलं

लहानपणी माझी आई सकाळी मला आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. सांगलीच्या आमच्या घरात स्टोव्हवर चहाचं आधण चढलेलं असे, वडील पेपर उघडून बसलेले असत, आणि न्हाणीघरातून तो आवाज येई. आई तांब्याभर कोमट पाण्यात मीठ घालून ते घटाघटा प्यायची, घशात दोन बोटं घालायची आणि पित्त काढायची. आधी कोरडे उमासे, मग पाणी पडल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसती धाप. पदराने तोंड पुसत ती बाहेर यायची, डोळे लाल झालेले, आणि म्हणायची, "हं, आता द्या चहा." आम्हाला कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. लोकांकडे सकाळी रेडिओ लागायचा, आमच्याकडे आई पित्त काढायची.

आमच्या घरातल्या सगळ्या बायका पित्तप्रकृतीच्या, हे आम्ही मिरवून सांगायचो. आजीला पित्त, मावशीला पित्त, आईला तर विचारूच नका. मी मोठी होत होते तेव्हा छातीत पहिल्यांदा जळजळलं, तर आईने गार दुधाचा पेला माझ्या हातात दिला आणि इतक्या मायेनं माझ्याकडे पाहिलं, की मी आता कुठे तिची खरी मुलगी झाले असं मला वाटलं. साळीच्या लाह्या, मोरावळा, कोकमाचं सार, जेवल्यावर लगेच आडवं न होणं, ही सगळी विद्या मला तिच्याकडून मिळाली. लग्न होऊन मी मॅसॅच्युसेट्सला आले तेव्हा बॅगेत मोरावळ्याची बरणी होती, आणि पोटात पित्त होतं. त्या पित्ताबरोबर आणखी काय आलं होतं ते मला कळायला चाळीसेक वर्षं जायची होती.

श्रूजबरीला आम्ही घर घेतलं, मुलगी झाली, आणि आई पहिल्यांदा बाळंतपणासाठी आली. नंतर ती येतच राहिली. माझ्या मुलीला तिनेच भरवलं, कारण मला नोकरी होती आणि तिला नातीशिवाय दुसरं काम नको होतं. वरणभाताचा घास ती आधी आपल्या खालच्या ओठाला लावायची, डोळे अर्धे मिटून जरा थांबायची, आणि कोमट आहे अशी खात्री पटली की बाळाच्या तोंडात द्यायची. मुलीला चार दात आले तेव्हा ती शेंगदाणे स्वतःच्या तोंडात चावून मऊ करून द्यायला लागली. मीही तेच करायचे. कुठल्या आईने केलं नाही? चिमणीसुद्धा तेच करते.

वडील गेल्यानंतर ती सहा-सहा महिने आमच्याकडे राहायला लागली. सत्तरी उलटलेली होती. अशाच एका मुक्कामात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, मी सकाळी चहा टाकला आणि काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. दूध होतं, साखर होती, आलं किसलेलं होतं. मग लक्षात आलं, आवाज आला नव्हता. मी बाथरूमच्या दारावर थाप मारली. आतून दात घासत आई म्हणाली, "काय गं?"

"आज पित्त नाही?"

"नाहीच. आठ-पंधरा दिवस झाले, पत्ताच नाही." दार उघडून ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे पांढरेशुभ्र होते. लाल डोळ्यांशिवायची आई मी सकाळी कधी पाहिली नव्हती. ती हसून म्हणाली, "सुंठीवाचून खोकला गेला म्हण. इथलं पाणी मानवलं मला."

त्या दिवसापासून श्रूजबरीच्या पाण्याची कीर्ती सुरू झाली. देशी दुकानात भेटणाऱ्या प्रत्येक काकूला तिने ते सांगितलं. मंडळाच्या गणपतीत सांगितलं. सांगलीला फोनवर सांगितलं तेव्हा तर मावशीला बोलूच दिलं नाही. ज्या जिभेला तिखट लागलं की दिवसभर तळमळ व्हायची, त्या जिभेवर ती आता ठेचा ठेवायची आणि माझ्या नवऱ्याकडे विजयाने पाहायची. मलाही अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. या देशाने आमच्याकडून बरंच काही घेतलं होतं, पण माझ्या आईचा जन्माचा त्रास तर घालवला ना, असं मी मनात म्हणायचे. परत जाताना तिने नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, साड्यांच्या मधोमध बॅगेत ठेवल्या. नवरा म्हणाला, "अहो आई, लोक काशीहून गंगा आणतात, तुम्ही आमच्या किचनमधून नेताय." तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि बूच पुन्हा आवळलं.

पुढच्या दोन मुक्कामांत ती बारीक होत गेली. दोन घासांत पोट भरतं, म्हणायची. तळपायाला मुंग्या येतात, म्हणायची. जीभ गुळगुळीत आणि लालबुंद दिसायची. गॅस बंद केला की नाही ते तिच्या लक्षात राहीना. आम्ही सगळ्यांनी, इथल्यांनी आणि तिथल्यांनी, एकच उत्तर दिलं, वय झालं. हे उत्तर दिलं की पुढे काही विचारावं लागत नाही. आणि ती स्वतः तर अगदी समाधानात होती. "बाकी काही असो," ती म्हणायची, "पित्ताचा त्रास नाही बघ आता."

मग सांगलीहून मामेभावाचा फोन आला आणि मी विमानात बसले. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. तरुण होते, मृदू बोलत होते. पोटात गाठ होती आणि ती फार पसरली होती. पोटाच्या अस्तराला जुनी सूज होती, म्हणाले, लहानपणापासूनची, एका जंतूमुळे आलेली. मी म्हटलं, "पण तिचं पित्त तर केव्हाच थांबलं होतं. ती बरी झाली होती."

"ताई, तो जंतू वर्षानुवर्षं अस्तर खात राहतो. तरुणपणी ॲसिड असतं तोवर जळजळतं. वय होतं तसं अस्तर झिजत जातं, आणि एक दिवस ॲसिड तयार करणारा भागच उरत नाही. मग जळजळ थांबते. माणसाला वाटतं बरं झालो."

म्हणजे त्या सकाळी श्रूजबरीत जे गप्प झालं होतं, ते दुखणं नव्हतं. तिचं पोट गप्प झालं होतं. आणि मी त्याचा चहा करून आनंद साजरा केला होता.

ती फार दिवस राहिली नाही. दिवसकार्य झाल्यावर तिचं देवघर आवरताना मला ती बाटली सापडली. सीलबंद गंगेच्या गडूशेजारी आमच्या नळाच्या पाण्याची बाटली ठेवलेली होती, आणि ती तळाशी आली होती. घरी काम करणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज सकाळी पूजा झाली की एक पळी घ्यायच्या. तीर्थासारखी. मी ते उरलेलं पाणी न्हाणीघरात नेऊन ओतलं, जिथे ती इतकी वर्षं ओणवी उभी राहायची. मग तिथेच बसून रडले. परत आल्यावर वर्षभर मी घरच्या नळाचं पाणी प्यायले नाही, दुकानातून बाटल्या आणल्या. पाण्याचा काय दोष? पण राग कुणावर तरी काढावाच लागतो, आणि नळ काही उलटून बोलत नाही.

या सगळ्याला बरीच वर्षं झाली. माझं पित्त मात्र माझ्या सोबतीला होतंच. विमा कंपनीच्या ऑफिसात मी नोकरीभर फ्रिजमध्ये गार दुधाची बाटली ठेवत आले; तिच्यावर माझं नाव लिहिण्याचीही गरज नव्हती. डॉक्टरकडे गेले की "काही औषधं घेता का?" या प्रश्नाला मी "नाही" म्हणायचे, कारण भारतातून आणलेली ॲसिडिटीची गोळी हे काही औषध नव्हे, असं आमच्यात सगळेच मानतात. जिरं-बडीशेप जसं औषध नाही, तशीच ती. आईचं पोट कशाने गेलं ते मला ठाऊक होतं, पण तो जंतू माझ्यातही असेल हे मी मनाला शिवू दिलं नव्हतं. पित्त आमच्या घरातलं होतं. जंतू दुसऱ्यांकडे असतात.

मग गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात मिसळ होती. शाळेच्या कॅफेटेरियात लांब टेबलं मांडली होती आणि हर्नडनहून आलेली माझी मुलगी, पोटुशी, माझ्याशेजारी बसली होती. मी तर्रीदार मिसळ खाल्ली, आणखी घेतली. नवरा म्हणाला, "लग्नापासून पहिल्यांदा तुला मिसळ खाऊन सोड्याची आठवण झाली नाही बघ." सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या हातातला पाव तसाच राहिला.

कधीपासून नव्हतं जळजळत? मला आठवेना. गोळ्यांचं पाकीट कधीपासून ड्रॉवरमध्ये तसंच पडलं होतं? शेजारी मुलगी आपल्या पर्समधून खडूसारखी पांढरी गोळी काढून चघळत होती, कारण तिला जळजळत होतं. मला नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जळजळीची वाट पाहायला लागले. लोकांना सांगितलं तर वेड्यात काढतील. मला भूक लागत होती, झोप येत होती, मला अगदी बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची मला आयुष्यात वाटली नव्हती इतकी भीती वाटत होती. मी रिकाम्या पोटी काळी कॉफी प्यायले. कच्चा कांदा, लसणीची चटणी, संत्र्याचा रस. काही नाही. सकाळी किचनमध्ये चहा टाकून उभी राहिले की बाथरूमकडे कान लागायचे. आई आत आहे, आणि तिचा आवाज येत नाहीये, असंच वाटायचं. एकदा तर मी "आई" म्हणून हाक मारली. घरात ऐकायला फक्त फ्रिज होता.

एका सकाळी नवरा चालायला गेला होता तेव्हा मी तांब्यात कोमट पाणी घेतलं, मीठ घातलं आणि आईसारखंच घटाघटा प्यायले. मग दोन बोटं घशात घातली. हे मी जन्मात केलं नव्हतं, पण हातांना सगळं माहीत होतं. आधी कोरडे उमासे आले, मग पाणी आलं. मी बेसिनमध्ये पाहिलं. आईच्या न्हाणीघरात पडायचं ते पिवळं, कडू, आंबट असायचं. हे प्यायले होते तसंच होतं, स्वच्छ, नुसतं खारट. नवरा लवकर परतला होता. दारातून म्हणाला, "अगं, काय चाललंय?" मी तोंड पुसत बाहेर आले. आरशात पाहिलं होतं, माझे डोळे लाल झाले होते. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने त्या दिवशी एकही विनोद केला नाही, यावरून तोही किती घाबरला ते मला कळलं.

आमची डॉक्टर माझ्या मुलीपेक्षाही लहान आहे. "सो, नो हार्टबर्न?" तिने विचारलं.

"नाही."

"दॅट्स ग्रेट!"

मी तिला समजावायला लागले की बाई गं, तक्रार नाही हीच माझी तक्रार आहे. ते इंग्रजीत नीट जमेना. शेवटी मी म्हटलं, "माझ्या आईचंही असंच बरं झालं होतं, आणि ती त्यातच गेली." तेव्हा तिने हात कीबोर्डवरून काढले आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून बसली. रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. तोल जाऊन मी अजून पडले नव्हते एवढंच. पायाच्या मुंग्यांबद्दल मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मीही मनात तेच उत्तर देऊन बसले होते, वय झालं.

घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली. पोटाच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवला. मला वाटलं होतं पोट आतून लाल, मांसल असेल. हे फिकट होतं आणि पातळ. खूप धुतलेल्या सुती साडीतून हात दिसावा तशा त्यातून खालच्या रक्तवाहिन्या दिसत होत्या. वयाने सगळ्यांचंच थोडं झिजतं, ते म्हणाले, पण हे नुसत्या वयाचं नाही, ही फार जुनी सूज आहे. गाठ नव्हती. काही ठिकाणी पेशी बदलायला लागल्या होत्या, म्हणून दर थोड्या वर्षांनी दुर्बीण घालून पाहायचं. मी विचारलं, "आणि तो जंतू?"

तो सापडला नव्हता. तपासायला काढलेल्या अस्तराच्या तुकड्यांत नाही, श्वासाच्या तपासणीत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी तो तपासणीत लपतो, पण त्या मी केव्हाच सोडल्या होत्या. रक्तात मात्र तो होऊन गेल्याची खूण होती. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, अस्तर इतकं झिजतं की त्याला तिथे राहण्यासारखं काही उरत नाही, मग तो आपणच मरून जातो. मी खुर्चीत बसून राहिले. म्हणजे तो साठ वर्षं माझ्यात राहिला, माझ्या भिंती खाल्ल्या, आणि खाण्यासारखं संपलं तेव्हा गेला. मला त्याचं येणं कळलं नाही आणि जाणंही.

"तुम्हाला मुलं आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी."

"तिला तपासून घ्या. हा बहुतेक लहानपणी घरातूनच येतो. नक्की कसा ते सांगता येत नाही, पण बऱ्याचदा आईकडून."

मला एकदम पर्समधली ती पांढरी गोळी आठवली. तिच्या गाडीत, कॉफीच्या कपाच्या खाचेत, तसल्या गोळ्यांची अख्खी बाटली असते. कॉलेजात तिला पहिल्यांदा जळजळायला लागलं तेव्हा मी हसून म्हटलं होतं, "आजीवर गेलीस." आणि मी तिला गार दूध दिलं होतं.

फोन केला तेव्हा तिची मुलगी, माझी नात, चार महिन्यांची होती आणि पाठीमागे रडत होती. "आई, इट्स जस्ट हार्टबर्न," ती म्हणाली. "बेबी झोपत नाही, मी झोपत नाही, ऑफ कोर्स मला ॲसिडिटी होणार." मी तिला आजीचं सांगितलं, सगळं, न्हाणीघरापासून बाटलीपर्यंत. माझं सांगितलं. तिने बाळाला उचलून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "ओके. मी अपॉइंटमेंट घेते."

श्वासाच्या तपासणीआधी तिला दोन आठवडे तिच्या ॲसिडिटीच्या सगळ्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. ते दोन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. रोज फोन यायचा. "आई, इट्स बर्निंग. रात्री झोपता येत नाहीये." आणि मी, तिची जन्मदाती आई, इकडे फोन कानाला लावून मनात देवाचे आभार मानत होते. जळतंय म्हणजे भिंत शाबूत आहे. जळतंय म्हणजे अजून वेळ आहे. एकदा तोंडातून निघूनच गेलं, "होऊ दे बाळा, होऊ दे."

"व्हॉट?" ती ओरडली. "हू सेज दॅट?"

तपासणीत जंतू सापडला.

तिच्या डॉक्टरांनी तिला समजावलं, घाबरायचं कारण नाही. तिचं अस्तर तरुण आहे, जंतू मारला की ते सुधारेल. दोन आठवड्यांची अँटिबायोटिक्स घ्यायची, पण अंगावर पाजते आहे तर थोडं थांबूया, ते म्हणाले. तोवर बाळाला उष्टं द्यायचं नाही, चमचे वेगळे. तिने हे मला फोनवर सांगितलं आणि मग सरळ विचारलं, "मला कुणी दिला? तू की आजीने?"

"माहीत नाही."

"मे बी आजी. मला तिचे पीनट्स आठवतात." ती जरा हसली, मग तिचा आवाज बदलला. "इट्स ग्रोस, आय नो. पण आई, इट्स काइंड ऑफ... माझ्याकडे आजीचं दुसरं काहीच नाहीये."

मला इतका राग आला की मी उभीच राहिले. "असलं काही आठवण म्हणून ठेवायचं नसतं," मी म्हटलं. "तुझ्याकडे तिचं नाक आहे. नाक ठेव." फोन ठेवल्यावर मात्र मी रडले, कारण तिने जे बोलून दाखवलं ते डॉक्टरांच्या खुर्चीत मीही मनात म्हटलं होतं. आईचं माझ्यात जिवंत असलेलं काहीतरी गेलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं होतं. ज्याने तिला नेलं, त्याचं.

नातीची उष्टावण आमच्या घरी, श्रूजबरीला केली. सातवा महिना लागला होता, आणि मुलीची अँटिबायोटिक्स अजून सुरू व्हायची होती. पहिला घास मामाने भरवायचा, पण माझी मुलगी एकटीच, तेव्हा मामा आणायचा कुठून? आजोबांना मान दिला असता तर त्यांनी निम्मी खीर स्वतःच संपवली असती. म्हणून मान माझ्याकडे आला. तांदळाची खीर मी केली. सोन्याची अंगठी खिरीत बुडवून ती बाळाच्या ओठाला लावायची, म्हणून मी आईची अंगठी काढली. मुलीने ती माझ्या हातातून घेतली, पातेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि गॅसवर उकळत ठेवली. आईची अंगठी बटाट्यासारखी खळखळत होती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. आम्ही दोघी ते पातेलं बघत उभ्या राहिलो.

पाट मांडला, औक्षण झालं. जावई फोन धरून शूटिंग करत होते. मी अंगठी खिरीत बुडवून नातीच्या ओठाला लावली. तिने जीभ बाहेर काढली, चाखलं, आणि तिचं तोंड असं झालं की सगळे हसायला लागले. मग ती हात पसरून वाटीकडे झेपावली. तिला आणखी हवं होतं. मी नॅपकिन शोधत होते, म्हणून मुलीनेच बाळाचा चमचा उचलला आणि खीर घेतली.

आणि तिने तो चमचा आपल्या खालच्या ओठाकडे नेला. डोळे अर्धे मिटले. जरा थांबली.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, मी तरी नाही. आजी तिला भरवायची तेव्हा ती एवढीशी होती. पण ते डोळे, ती मान, चमचा धरलेली ती बोटं, सगळं आईचं होतं. इतक्या वर्षांत मी आईला स्वप्नातही इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं. ती माझ्या किचनमध्ये, पाटासमोर बसली होती, आणि माझ्या नातीला भरवायला आली होती. तिला बघत राहावं असं मला फार वाटलं.

मी तिचं मनगट धरलं. "नको," मी म्हटलं.

चमचा ओठाला टेकायचा राहिला होता. मुलीने डोळे उघडले, चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जावयांनी फोन खाली घेतला. "सॉरी," ती म्हणाली, आणि मग हळूच मराठीत, "आजी असंच करायची ना?"

"हो," मी म्हटलं. "अगदी असंच."

मनगट मुलीचं होतं, पण मागे सारलं ते मी आईला. नातीच्या पहिल्या घासाशी आली होती ती, केवढ्या हौसेने, आणि मीच तिला म्हटलं, नको. हे मी तिला कधी समजावून सांगू शकणार नाही.

मुलीने तो चमचा सिंकमध्ये ठेवला आणि दुसरा आणून दिला. मी खिरीचा थेंब माझ्या मनगटावर टाकून पाहिला. कोमट होती. नातीने तोंड उघडलं.